‘पाहिजे’ आणि ‘कामा नये’ : व्याकरणातील शब्दांची कुळकथा



कारखान्याच्या फाटकावर सभा भरते तेव्हा घोषणेचा शेवटचा शब्द बहुधा ठरलेला असतो. मागणी बोनसची असो, रजेची असो की काढून टाकलेल्या माणसाला परत घेण्याची असो, ‘पाहिजे’ म्हटल्याशिवाय घोषणा पुरी होत नाही. ज्या घोषणेने १९५६ सालापासून मुंबईचे रस्ते दणाणून सोडले आणि जिचा शेवट १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेत झाला, तीही ‘झालाच पाहिजे’ याच शब्दांवर येऊन ठेपत होती. इतक्या माणसांनी इतक्या वेळा मुठी आवळून उच्चारलेला दुसरा शब्द मराठीत सापडणे कठीण. आणि तरीही हा शब्द नाम आहे, विशेषण आहे की क्रियापद आहे असे कोणी एकदम विचारले, तर चांगले शिकलेले लोकही क्षणभर चाचरतात.

आजचा विषय ऐकून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. व्याकरण म्हटले की शाळेतली छडी आठवते. शिवाय कामगार संघटनेच्या माणसाने व्याकरणावर का बोलावे, अशीही शंका काहींना येईल. आमचे शिक्षण शाळेत बेताचेच झाले. पुढचे जे झाले ते सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर. तेव्हा पंडितांच्या अधिकाराने आम्ही बोलत नाही. परंतु करारनाम्याचे मसुदे वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते : भांडण मोठ्या शब्दांवरून होत नाही. ‘न्याय’, ‘सहकार्य’, ‘सलोखा’ हे शब्द दोन्ही पक्ष खुशाल मान्य करतात. भांडण होते ते ‘येईल’, ‘जाईल’, ‘पर्यंत’, ‘किंवा’, ‘शिवाय’ अशा किरकोळ दिसणाऱ्या शब्दांवरून. हे किरकोळ शब्द आले कोठून, हा आजचा प्रश्न आहे.

‘पाहिजे’पासूनच सुरुवात करू. हा ‘पाहणे’ या धातूचा शब्द आहे हे कानालाच कळते. पण ‘मला पाणी पाहिजे’ या वाक्यात कोणी काही पाहत नाही. आंधळ्या माणसालाही पाणी पाहिजेच असते. मग हे पाहणे आले कोठून? उत्तर जुन्या मराठीत आहे. संस्कृतात ‘दृश्यते’, ‘पठ्यते’ अशी कर्मणी रूपे ‘य’ लावून होत असत. प्राकृतात त्या ‘य’चे ‘इज्ज’ झाले आणि जुन्या मराठीत ‘इजे’ झाले. ज्ञानेश्वरी, म्हणजे १२९० सालचा ग्रंथ, आणि महानुभावांचे गद्य यांच्या काळी हे ‘इजे’ जिवंत होते. ‘कीजे’ म्हणजे केले जाते, ‘दीजे’ म्हणजे दिले जाते, ‘म्हणिजे’ म्हणजे म्हटले जाते. आणि त्याच न्यायाने ‘पाहिजे’ म्हणजे पाहिले जाते, शोधले जाते, ज्याची वाट पाहिली जाते ते. पुढे ही सबंध कर्मणी रचनाच मराठीतून उठून गेली. ‘कीजे’ गेले, ‘दीजे’ गेले. गावातली सगळी वस्ती उठून जावी आणि दोन घरे मात्र उभी राहावीत, तसे दोन शब्द मागे राहिले : एक ‘पाहिजे’ आणि दुसरा ‘म्हणजे’. वर आम्ही ‘केले जाते’ याचा अर्थ सांगताना ‘म्हणजे’ वापरला. तो स्वतःच ‘म्हटले जाते’ असा अर्थ असलेला जुना शब्द आहे, हे ध्यानात न येताच आपण तो दिवसातून शंभरदा वापरतो.

यात एक मौजेची गोष्ट आहे. हिंदीतला ‘चाहिए’ हाही ‘चाहना’चे असेच जुने कर्मणी रूप आहे. गुजरातीत याच अर्थी ‘जोईए’ म्हणतात, आणि तेथे ‘जोवुं’ म्हणजे पाहणेच. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातला, घाटावरचा, उत्तर हिंदुस्थानातला आणि गुजरातेतला कामगार एकाच खात्यात काम करीत होता. तिघांनी तीन भाषांत मागणी केली तरी तिघांच्या तोंडी दोन हजार वर्षांपूर्वीच्या एकाच प्रत्ययाचे तीन नातू होते. मालकांना ते ठाऊक नव्हते, आणि कामगारांनाही नव्हते.

शब्दांच्या या स्थित्यंतराला शास्त्रात नाव मिळाले ते १९१२ साली. पॅरिसचे प्राध्यापक आंत्वान मेये यांनी व्याकरणातील रूपे कशी बदलत जातात यावर त्या वर्षी एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, भाषेत व्याकरणाची नवी रूपे दोनच वाटांनी येतात. एक वाट सादृश्याची : एका शब्दाच्या नमुन्यावर दुसऱ्याचे रूप घडवायचे. ‘आहे’चे अनेकवचन ‘आहेत’, तर ‘पाहिजे’चे ‘पाहिजेत’. जुन्या ‘पाहिजे’ला हा ‘त’ नव्हता. तो शेजाऱ्याकडे पाहून अंगावर चढवलेला आहे. ‘मागण्या मान्य झाल्याच पाहिजेत’ असे आपण ओरडतो तेव्हा हीच पहिली वाट चालत असतो. परंतु या वाटेने असलेल्याच मालाची फिरवाफिरव होते, नवा माल येत नाही. नवा माल येतो दुसऱ्या वाटेने : स्वतंत्र अर्थाचा, भरभक्कम शब्द हळूहळू अर्थ हरवतो, आवाजाने झिजतो आणि व्याकरणाच्या चाकरीला लागतो. या दुसऱ्या वाटेला मेये यांनी जे नाव दिले त्याला मराठीत ‘व्याकरणीभवन’ म्हणता येईल. शब्द जड आहे, पण निरुपाय आहे.

महाराष्ट्राला या मेये यांचे ऋण वेगळ्या कारणाने आहे. त्यांचे शिष्य ज्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेची घडण कशी झाली यावर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला. तो १९२० साली पॅरिसला प्रसिद्ध झाला आणि १९४१ साली वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. संस्कृतपासून मराठीपर्यंतचा एकेका ध्वनीचा आणि एकेका प्रत्ययाचा प्रवास इतक्या कसोशीने मांडणारे पुस्तक त्यापूर्वी कोणत्याच अर्वाचीन भारतीय भाषेच्या वाट्याला आले नव्हते, असे जाणकार म्हणतात. आम्ही ते तीन वेळा वाचले. पहिल्या वेळी अर्धेही कळले नाही; परंतु ज्या बोलीला आपल्याच गावात ‘अडाण्यांची बोली’ म्हणतात तिच्या एकेका अक्षरावर पॅरिसमध्ये बसून कोणी डोळे फोडले, एवढे कळले तेही पुष्कळ झाले.

मेये यांच्याही आधी, १८९१ साली, गाबेलेंट्स नावाच्या जर्मन पंडिताने व्याकरणातील शब्दांना सरकारी नोकरांची उपमा दिली होती. ते नोकरीत घेतले जातात, त्यांना बढती मिळते, पुढे अर्ध्या पगारावर येतात, शेवटी निवृत्त होतात, आणि बाहेर नवे उमेदवार रांग लावून उभेच असतात, असा त्याचा आशय आहे. आम्हांला ही उपमा फार पटली, फक्त नोकरी सरकारी होती हे पटत नाही. सरकारी नोकराला निदान निवृत्तिवेतन असते. आमच्या मते या शब्दांची गत गिरणीच्या बदली कामगारासारखी आहे. बदली कामगार पहाटे फाटकावर उभा राहायचा. कायम माणूस आला नाही तर याला आत घ्यायचे. अशी खाडे भरून काढता काढता काही जण कायम होत. मग त्याचे गाव, त्याचे कूळ, त्याचा मूळ धंदा कोणी विचारीत नसे. तो ‘साच्यावरचा’ एवढीच त्याची ओळख उरे.

ज्यांना आपण शब्दयोगी अव्यये म्हणतो त्यांची हजेरी घेऊन पाहा. ‘तुझ्यामुळे’ यातला ‘मुळे’ म्हणजे झाडाचे मूळ. ‘त्याच्याकडे’ यातली ‘कड’ म्हणजे बाजू, काठ. ‘पाशी’ आणि ‘पासून’ यांत संस्कृत ‘पार्श्व’, म्हणजे बरगडीची बाजू, दडलेला आहे. ‘पर्यंत’ म्हणजे सीमा, ‘प्रमाणे’ म्हणजे मापाने. ‘रामापेक्षा’ यात ‘अपेक्षा’ आहे, पण आजची आशा नव्हे. एकाकडे पाहून दुसऱ्याचा विचार करणे हा तिचा संस्कृतातला अर्थ, आणि तिच्या पोटातला ‘ईक्ष्’ म्हणजे पुन्हा पाहणेच! ‘घरात’ यातला ‘त’ म्हणजे ‘आंत’ या सबंध शब्दाचे उरलेले टोक. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, तोपर्यंत लोक ‘घरांत’ असे टिंब देऊन लिहीत. ते टिंब म्हणजे त्या शब्दाच्या कपाळावरचे कुळाचे गंध होते. नियमांनी ते पुसले. आम्ही त्याबद्दल हळहळत नाही. कष्टकऱ्यांच्या मुलांना ती टिंबे पाठ करण्यात वर्षे घालवावी लागत होती.

आता वरच्याच वाक्यात आम्ही ‘त्याबद्दल’ म्हणालो. ‘बद्दल’ मूळचा अरबी. बदल, मोबदला, एकाच्या जागी दुसरे. ‘ऐवजी’ही अरबीच, त्याचाही अर्थ तोच. ‘मार्फत’ म्हणजे मूळ अरबीत ज्ञान, ओळख. ओळखीच्या माणसाकडून काम होते, म्हणून ओळखच मधला दलाल झाली. ‘शिवाय’ही त्याच वाटेने, फार्सीतून, आला. शिवछत्रपतींनी राज्यकारभारातील फार्सी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द घालण्यासाठी राजव्यवहारकोश करवून घेतला, हे सर्वांस ठाऊक आहे. पुढेही भाषाशुद्धीच्या चळवळी झाल्या. अशा प्रयत्नांनी नामे बदलतात. पदांची, हत्यारांची, खात्यांची नावे बदलतात. परंतु ‘बद्दल’ आणि ‘शिवाय’ यांना उठवणे सोपे नाही, कारण ते पाहुण्यासारखे ओसरीवर बसलेले नाहीत, भिंतीतल्या विटा झाले आहेत. शुद्धीच्या बाजूने लिहिलेल्या लेखांतही ते सापडतात.

‘चा’ आणि ‘ला’ यांच्याबद्दल मात्र अजून वाद आहे. ‘चा’चा उगम काही जण ‘दाक्षिणात्य’ यातल्या ‘त्य’मध्ये पाहतात, काही ‘कृत्य’मध्ये. ‘ला’चा संबंध अनेक जण ‘लाग्’ या धातूशी लावतात. जुन्या मराठीत ‘लागी’ म्हणजे साठी, करिता, असा शब्द होताच. इतका झिजलेला नाणे पारखणे अवघड, यात नवल नाही. आम्ही या वादात पडत नाही.

ही चाल फक्त मराठीची नव्हे. लॅटिनमध्ये ‘देणे’ आणि ‘माझ्याकडे आहे’ असे दोन शब्द शेजारी ठेवून ‘मला देणे आहे’ असा अर्थ होत असे. आपणही सावकाराबद्दल बोलताना असेच म्हणतो. पुढे ते दोन शब्द एकमेकांत इतके मुरले की फ्रेंच भाषेचा सगळा भविष्यकाळ त्या जोडाचा झाला. सातव्या शतकातल्या फ्रेडेगारच्या बखरीत याची एक गमतीदार साक्ष आहे. बादशहा जस्टिनियन पराभूत इराणी राजाकडे मुलूख मागतो. राजा ‘देणार नाही’ म्हणतो. बादशहा ‘देशील’ असे उत्तर देतो आणि म्हणे त्यावरूनच ‘दारास’ या शहराला नाव पडले. शहराच्या नावाची कथा अर्थातच खोटी. पण लॅटिनमधले ते दोन शब्द जुळून एक झाल्याचा फार जुना लेखी पुरावा या खोट्या कथेने जपून ठेवला. आपल्याकडे संस्कृतातही ‘गन्तास्मि’ म्हणजे मी जाईन. फोड केली तर ‘गन्ता अस्मि’, मी जाणारा आहे. देवांची भाषा म्हणून जिच्याकडे पाहिले तिच्याही भिंतीत अशाच विटा आहेत.

इंग्रजीतील ‘शॅल’ आणि ‘मे’ हे शब्द कामगार कायद्याच्या कामात आम्हांला रोज भेटतात. ‘शॅल’ आले की बंधन, ‘मे’ आले की मर्जी, असा सर्वसाधारण हिशेब. जुन्या इंग्रजीत ‘शॅल’चा अर्थ होता ‘देणे लागतो’. म्हणजे कायद्याचे बंधन हे मुळात कर्ज होते! ‘विल’ म्हणजे इच्छितो, ‘कॅन’ म्हणजे जाणतो. हे सगळे एके काळी साधे क्रियापदच होते. सोळाव्या शतकापर्यंत त्यांची एक वेगळी जात होऊन बसली. हे कसे झाले, याची चर्चा डेव्हिड लाइटफुट यांनी १९७९ सालच्या आपल्या ग्रंथात केली, आणि तेथून या विषयाला निराळे वळण लागले.

ते वळण समजावून घेण्यासारखे आहे. नोम चॉम्स्की यांच्या १९५७ सालच्या पुस्तकापासून भाषेकडे एक आकारबद्ध रचना म्हणून पाहण्याची जी पद्धत सुरू झाली, तिच्या अभ्यासकांनी मेये यांच्यापेक्षा वेगळा प्रश्न विचारला. शब्द झिजला, फिका झाला, हे ठीक. पण ‘भाषा बदलली’ असे आपण म्हणतो तेव्हा ती नेमकी कोठे बदलते? भाषा हवेत नसते. ती एकेका माणसाच्या डोक्यात असते आणि प्रत्येक मुलाला ती कानावर पडलेल्या बोलण्यावरून नव्याने उभारावी लागते. आईबापांच्या डोक्यातले व्याकरण मुलाला वारसाहक्काने मिळत नाही. मिळतात ती फक्त त्यांची वाक्ये. त्या वाक्यांवरून मूल जे व्याकरण रचते ते कधी कधी आईबापांच्या व्याकरणाहून वेगळे असते. वाक्ये तीच, इमारत दुसरी. बदल होतो तो येथे.

आता ‘पाहिजे’कडे परत या. ज्या काळी ‘कीजे’, ‘दीजे’ कानावर पडत होते त्या काळच्या मुलाला ‘पाहिजे’ची फोड आपोआप कळे : पाह अधिक इजे. पुढे बाकीची रूपे ऐकू येईनाशी झाली. मग ‘मला भाकर पाहिजे’ ऐकणाऱ्या मुलाने फोड करायची ती कशाच्या आधारावर? त्याने तो शब्द सबंध उचलला. पाहणे मागे पडले, गरज पुढे आली. मुलाने येथे काही बिघडवले नाही, उलट त्याच्यापुढे असलेल्या पुराव्यावरून सर्वांत सोपा हिशेब मांडला. एली व्हान गेल्डरेन या विदुषींनी २००४ साली या सर्व प्रकाराला काटकसरीचा व्यवहार म्हटले आहे. मूल ऐकलेल्या वाक्याची कमीत कमी खर्चाची रचना निवडते.

या पंडितांच्या मते वाक्य ही मजल्यांची इमारत असते. तळमजल्यावर घटना : कोणी, काय, कोणाला. त्याच्यावर काळ, नकार, शक्यता, बंधन यांचे मजले. सर्वांत वर हे वाक्य दुसऱ्या वाक्याशी जोडणारे ‘की’, ‘जर’, ‘म्हणून’ यांचा मजला. इयन रॉबर्ट्स आणि अॅना रूसू यांनी २००३ साली अनेक भाषांतील उदाहरणे घेऊन असे मांडले की, शब्द व्याकरणाचा होतो म्हणजे तो खालच्या मजल्यावरून वर चढतो. आधी तो खाली जन्म घेऊन वाक्यावाक्यागणिक वर ये-जा करीत असतो. एखाद्या पिढीची मुले ठरवतात की हा मुळी वरच राहतो. जिना चढण्याचे श्रम वाचले.

याची पारख घरबसल्या करता येते. ‘पाहिजे’ जर अजून तळमजल्यावरचे क्रियापद असते तर त्याला इतर क्रियापदांचे हक्क असते. ‘पाहून’ म्हणता येते, ‘पाहिजून’ म्हणता येत नाही. ‘पाहणारा’ असतो, ‘पाहिजेणारा’ नसतो. उलट ‘केले पाहिजे’, ‘गेले पाहिजे’, इतकेच काय ‘पाहिले पाहिजे’, असे दुसऱ्या क्रियापदाच्या डोक्यावर मात्र त्याला बसता येते. शेवटच्या उदाहरणात एकच धातू दोन मजल्यांवर एकाच वेळी नांदतो आहे आणि कोणाला त्याची अडचण होत नाही. तीच गोष्ट ‘मुळे’ची. ‘वडाची खोल मुळे’ म्हणता येते. पण ‘तुझ्या खोल मुळे उशीर झाला’ असे तीन वर्षांचे पोरही म्हणत नाही. विशेषण घेण्याचा नामाचा हक्क त्या दुसऱ्या ‘मुळे’ने कधीच सोडून दिला.

सर्वांत लांबचा प्रवास ‘म्हणून’चा. जुन्या मराठीत ‘म्हणौनि’. ‘असे म्हणून तो उठला’ यात तो अजून साधा ‘बोलून’ आहे. ‘आई रागावेल म्हणून तो गप्प बसला’ येथे पाऊल उंबरठ्यावर आहे. तो तसे बोललाही असेल किंवा तेच कारणही असेल, दोन्ही अर्थ बसतात. अशा दोन्हीकडून खऱ्या वाक्यांतच मुलाला नवी इमारत रचण्याची संधी मिळते. आणि ‘पाऊस पडला म्हणून रस्ता ओला झाला’ येथे पावसाने काही म्हटले नाही आणि रस्त्यानेही म्हटले नाही. बोलण्याचा मागमूस नाही, शब्द वरच्या मजल्यावर पोचला. आमच्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांकडेही हेच आहे. कन्नडमध्ये ‘एंदु’, तेलुगूत ‘अनि’, तमिळमध्ये ‘एन्रु’ हे सगळे मुळात ‘म्हणून’च, आणि वाक्याला वाक्य जोडण्याचे काम तेही करतात. शेजारधर्माने कोणी कोणाकडून किती घेतले यावर विद्वानांचे एकमत नाही. परंतु सोलापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात दोन्ही भाषा एकाच बाजारात शतकानुशतके भाव करीत आल्या आहेत, तेव्हा हे साम्य पाहून आम्हांला तरी आश्चर्य वाटत नाही.

आता ‘पाहिजे’चा नकार घ्या. ‘हे केले पाहिजे’ याच्या उलट काय? ‘केले नाही पाहिजे’ असे बोलण्यात ऐकू येते, पण ठणकावून सांगायचे तर मराठी माणूस म्हणतो : ‘करता कामा नये’. या ‘कामा नये’मध्ये कोण बसले आहे? साक्षात ‘काम’! ‘कामा न ये’, म्हणजे कामाला येत नाही, उपयोगी पडत नाही. ‘असे केलेले कामाला येत नाही’ येथून ‘असे करू नका’ येथपर्यंत हा शब्द आला. मराठीने सक्त मनाईसाठी ना देवाचा शब्द घेतला ना राजाचा, कामाचा घेतला. यात काही गूढ संकेत आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या तोंडी ही भाषा वाढली त्यांच्या दिवसाचा मोठा भाग कामात जात होता, एवढेच.

मराठी भूतकाळाचीही अशीच एक खोड आहे. जाता जाता सांगून टाकतो. ‘कामगारांनी संप केला’, ‘कामगारांनी सभा केली’. क्रियापद ‘कामगारांनी’कडे ढुंकूनही पाहत नाही, जे केले त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. कारण ‘केला’ हे मुळात संस्कृत ‘कृत’च्या कुळातले, ‘केला गेलेला’ अशा अर्थाचे रूप. कर्त्यापेक्षा काम मोठे, हे मराठीच्या भूतकाळाला ठाऊक आहे. भविष्यकाळात मात्र ती पुन्हा कर्त्याच्या मागे जाते.

हे सगळे वाचनालयातले झाले. आता फाटकावरचे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात, नाव सांगत नाही, निलंबित कामगारांच्या प्रश्नावर तडजोडीची बोलणी चालू होती. व्यवस्थापनाने मराठीत मसुदा दिला. त्यात कलम होते : ‘चौकशी संपल्यावर सदर कामगारांना कामावर घेता येईल.’ आमच्या बाजूचे अनेक जण खूश झाले. ‘घेता येईल’ म्हणजे घेणार! आम्ही सही थांबवली. ‘येणे’ हे क्रियापद मराठीत वरच्या मजल्यावर गेले की ‘शक्य असणे’ असा अर्थ होतो. ‘मला पोहता येते’ म्हणजे मी पोहेनच असे नव्हे. ‘घेता येईल’ म्हणजे घेण्याची मोकळीक. घेतले नाही तरी कलम मोडत नाही. आम्ही ‘घ्यावे लागेल’ असे सुचवले. ‘लागणे’ म्हणजे मुळात चिकटणे. ‘घ्यावे लागेल’मध्ये बंधन अंगाला चिकटते. त्यांना ते चालेना. अखेर ‘घेतले जाईल’ येथे जमले. तीन शब्दांतल्या एका शब्दासाठी सहा तास गेले, आणि बाहेर उभ्या असलेल्या बायकामाणसांना आत काय चालले आहे हे समजावून सांगणे सोपे नव्हते. ‘येईल’च्या ठिकाणी ‘जाईल’ आले, एवढेच वरून दिसत होते. पण एक येणे मर्जीचे होते आणि एक जाणे हमीचे. त्यातली चौदा माणसे पुढे कामावर गेली.

या शास्त्रात एक मोठा वाद चालला आहे, त्याची हकीगत सांगितली पाहिजे. गेल्या पन्नास वर्षांत कित्येक विद्वानांनी असे मांडले की व्याकरणीभवन ही स्वतंत्र शक्ती आहे; तिला ठरलेली दिशा आहे; शब्द नेहमी भरीव अर्थाकडून पोकळ अर्थाकडे, मोकळेपणाकडून बांधिलकीकडेच जातात, उलट येत नाहीत. रचनावादी पंडितांपैकी फ्रेडरिक न्यूमायर यांनी १९९८ साली याला सरळ नकार दिला. त्यांचे म्हणणे, अशी कोणती वेगळी शक्तीच नाही. अर्थ बदलतो, ध्वनी झिजतो, रचना नव्याने लावली जाते. या तीन साध्या, एकमेकांपासून स्वतंत्र गोष्टी कधी कधी एकत्र येतात, आणि त्या एकत्र येण्याला आपण एक भारदस्त नाव देऊन बसतो. उलट दिशेने गेलेले शब्दही त्यांनी दाखवले. २००१ साली लाइल कॅम्पबेल प्रभृतींनी याच बाजूने निबंध लिहिले.

या वादात आमचे मत कोणी विचारणार नाही. पण ते आहे. ज्या चळवळीत आम्ही वाढलो तीत इतिहासाचे नियम, इतिहासाची दिशा, इतिहासाची अटळ पावले हे शब्द फार ऐकले. त्यांचा आधारही वाटे. पुढे असे दिसले की इतिहास नावाचा कोणी फाटकावर येऊन उभा राहत नाही. येतात ती माणसे, आणि ती येतात आपापल्या कारणांनी. ती पुष्कळदा एकाच दिशेने चालतात हेही खरे, कारण त्यांच्या गरजा सारख्या असतात. म्हणून या वादात आमचा कल न्यूमायर यांच्याकडे झुकतो. शब्दांना वर ओढणारा कोणी अदृश्य हात नाही. लक्षावधी मुले, प्रत्येक आपापल्या घरात, कानावर पडेल त्यावरून हिशेब मांडतात. हिशेब मांडण्याची रीत सगळ्यांची सारखी असल्याने बहुतेक उत्तरे एका बाजूला पडतात. दिशा आहे, पण ती मागून पाहणाऱ्याला दिसते, चालणाऱ्याला नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती या सभागृहात सांगणे आम्हांला जरूर वाटते. नागपूरकडचा माणूस ‘तू काय करून राहिला?’ असे विचारतो तेव्हा पुण्यामुंबईत हसू फुटते. कोल्हापूरकडचा ‘काय करायला लागलायस?’ म्हणतो, त्यालाही हसतात. कारखान्यात नव्याने आलेल्या पोरांना या हसण्याने गप्प झालेली आम्ही पाहिली आहेत. सभेत उठून बोलायचे म्हटले की ती आधी शेजाऱ्याला विचारतात, ‘बरोबर आहे ना, कसे म्हणू?’ वस्तुतः त्यांनी काय केले आहे? नागपूरने ‘राहणे’ हे क्रियापद घेऊन चालू काळाचा शब्द घडवला. हिंदीने नेमके हेच केले, ‘कर रहा है’, आणि त्याला कोणी हसत नाही. कोल्हापूरने त्याच कामाला ‘लागणे’ लावले. आणि पुण्याचे ‘करतोय’? तो ‘करतो आहे’ यांचा जोड. ‘आहे’ झिजून एक ‘य’ उरला आहे. ‘केलंय’, ‘गेलाय’, ‘आलेत’ सगळे त्याच तऱ्हेचे. तिन्ही ठिकाणी एकच कारागिरी आहे, फक्त वीट निराळ्या भट्टीची. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हांलाही झाला. त्या दर्जासाठी जुने शिलालेख आणि ग्रंथ पुढे करण्यात आले, ते योग्यच होते. पण ज्यांनी ‘पाहिजे’ आणि ‘म्हणून’ घडवले त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत, आणि त्यांच्याही बोलण्याला त्या काळी शेजारच्या कोणी शहाण्याने नाक मुरडले असेलच.

सध्या रांगेत उभा असलेला एक उमेदवार आम्ही रोज ऐकतो. ‘पाहिजे’ला सादृश्याने अनेकवचन मिळाले, आता त्याला भविष्यकाळही मिळू लागला आहे. ‘उद्या मला सुट्टी पाहिजेल.’ ‘होईल’, ‘येईल’ यांच्याकडे पाहून लावलेला हा ‘ल’. शाळेत तो लाल शाईने खोडतात, छापलेल्या मजकुरात तो क्वचितच दिसतो. फाटकावरच्या घोषणेत मात्र तो अजून आलेला नाही. तेथे अजून ‘पाहिजे’च आहे, आणि तोही आजच्या आज.